सूनबाईचं हिवाळी अधिवेशन

डिसेंबर लागला की नागपूरकरांना पाहुण्यांची चाहूल लागते. रवी भवनातल्या कॉटेजना रंग चढतो, आमदार निवासातले गिझर तपासले जातात, सिव्हिल लाइन्समधले खड्डे एका रात्रीत बुजतात आणि अख्खं सरकार फायलींसकट मुंबईहून थंडी खायला इकडे येतं. वर्षातून एक तरी अधिवेशन विदर्भात झालं पाहिजे, असं १९५३ च्या नागपूर करारात ठरलं होतं. करारातल्या बाकीच्या कलमांचं काय झालं ते विचारू नये. हे कलम मात्र करोनासारखी मोजकी वर्षं सोडली तर निष्ठेने पाळलं जातं, कारण यात हुरडा आहे. सकाळी तर्री पोहे, दुपारी गदारोळात कामकाज तहकूब, संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर, रात्री सावजी, आणि निघताना गाडीच्या डिकीत संत्र्यांची पेटी. दोन आठवड्यांत माणूस कसा टवटवीत होऊन परततो! शहरात हिंडणं आणि जिवाचे लाड करणं ही दोन्ही कामं सरकारी खर्चाने एकदम उरकण्याची इतकी चोख सोय जगात दुसरीकडे नसावी.

आमच्या शेजारच्या सूनबाईला एवढंच हवं होतं. दोन आठवडे नाही, दोन तास.

बाळ पाच महिन्यांचं. डॉक्टरांनी कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या: लोह, कॅल्शियम आणि रोज मोकळ्या हवेत फिरणे. पहिल्या दोन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळाल्या. तिसरी दुकानदाराकडे नव्हती. मोबाईल उघडावा तर तिथेही हाच डोस. ‘नव्या आईने स्वतःसाठी वेळ काढावा, सुगंधी तेलाने स्नान करावं, मैत्रिणींसोबत कॉफी घ्यावी.’ हे सांगणाऱ्या बाईच्या मांडीवर बाळ नसतंच. असलं तर झोपलेलं असतं, आणि त्याच्या अंगावरच्या पांढऱ्याशुभ्र झबल्यावर दुधाचा एक डाग नसतो. अशी बाळं कुठल्या दवाखान्यात मिळतात, याची चौकशी व्हायला हवी.

तर सूनबाईने एका रविवारी जेवणं झाल्यावर, सगळे पान खाऊन प्रसन्न असताना, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन येण्याचा विषय सभागृहात मांडला.

लगेच प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला. सासूबाईंचा पहिला तारांकित प्रश्न होता, “कायले?” नागपुरात हा संपूर्ण प्रश्न असतो. त्याला जोडून उपप्रश्न, “काऊन, घरात काय कमी आहे बाप्पा?” मामंजींनी उन्हाची लक्षवेधी लावली. अमरावतीच्या आत्तेसासूबाईंनी फोनवरून हरकतीचा मुद्दा उपस्थित केला, की लेकराला दृष्ट लागते, बर्डीवर तर नाना तऱ्हेचे लोक. नवरोबा अध्यक्षांच्या आसनावर होते, म्हणजे सोफ्यावर. ते म्हणाले, “पाहू.” हा शब्द ज्याने काढला त्याला विधिमंडळाने आजीव पेन्शन द्यायला हवी. त्यात नकार नसतो आणि होकारही नसतो. तारीख तर नसतेच.

ऋतूंचा प्रश्न फार गंभीर आहे, हे मला त्या दिवशी कळलं. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा लेकरू बाहेर काढणं हा गुन्हा, ते मलाही मान्य. पण पावसाळ्यात डास, म्हणून डेंग्यू. दिवाळीत फटाके, त्याचे कान नाजूक. हिवाळ्यात गारठा, छाती भरते. फेब्रुवारीत हवा चांगली, पण तेव्हा लग्नसराई असते, आणि लग्नाला तर न्यावंच लागतं. तिथे दीड हजार माणसं त्याचा गालगुच्चा घेतात, डीजे छातीत धडधडतो, ते चालतं. कारण तिथे सून फिरायला आलेली नसते, बाळ दाखवायला आलेली असते.

खाण्याचंही तेच. तर्री पोहे खाल्ले तर दुधात तिखट उतरतं, सांबारवडी वातूळ, संत्रं थंड, आइस्क्रीमचं नावच काढायला नको. पिढ्यान्‌पिढ्या सावजी खाणाऱ्या या शहरात बाळं नक्की कशावर वाढली, हा संशोधनाचा विषय आहे.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जुन्या लोकांना बाळंतिणीची काळजी घेणं येत नव्हतं असं नाही. सव्वा महिना तिला बाजेवरून उठू देत नव्हते. तेलाने रगडायचं, कडकडीत पाण्याने न्हाऊ घालायचं, बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, डोक्याला फडकं, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशोपा. आजच्या पंचतारांकित स्पावाल्यांनी हे पॅकेज पाहिलं तर लाखाचं बिल लावतील. फरक इतकाच की त्या खिरीच्या वाटीवर नाव बाळाचं होतं. ‘खा, दूध चांगलं येईल.’ नुसतं ‘खा, तुला आवडते’ असं कुणी म्हटल्याची नोंद निदान माझ्या वाचनात नाही.

आणि ही सगळी रगडपट्टी करणारी मालिशवाली? आमच्या गल्लीत येते ती सकाळी सातला येते. चार घरच्या चार बाळंतिणी आणि चार बाळं चोळून दुपारी परतते. तिचं धाकटं वर्षाचं आहे, ते मोठ्या पोरीजवळ असतं, आणि मोठी म्हणजे शाळेतली. मी तिला एकदा विचारलं, “तू कुठे फिरायला जातेस की नाही?” तिने तेलाचे हात पदराला पुसले आणि म्हणाली, “मी तं दिवसभर फिरूनच राह्यली ना, भाऊ.” २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आली, पन्नास किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा मिळाली. उत्तम कायदा आहे. मालिशवालीला त्यातलं काही लागू होत नाही. तिच्या आस्थापनेत माणसं किती? एक. तीही तीच.

असो. सूनबाईने ‘पाहू’ या शब्दाचा अर्थ होकार असा लावला आणि निघाली. बाळासोबत निघणं म्हणजे काय, ते दारातून पाहण्यासारखं असतं. पिशवीत लंगोट सहा, दुपटी तीन, टोपी, मोजे, ओले रुमाल, खुळखुळा, ग्राइप वॉटर, जास्तीचं झबलं, झबल्याला जास्तीचं झबलं. चप्पल घातली, कुलूप हातात घेतलं, आणि बाळाने नेमका तोच मुहूर्त साधला. परत आत. पुन्हा चप्पल. आता भूक. या गतीने विधानसभा चालली असती तर एकही विधेयक गोंधळात मंजूर झालं नसतं.

बाहेर आपलं नागपूर वाट पाहत होतंच. बाबागाडी मेट्रोत सुखाने चढली. तिथे लिफ्ट आहे, गारवा आहे, २०१९ पासून शहराने आयांसाठी नकळत केलेली ही सर्वांत चांगली सोय असावी. पण सीताबर्डी स्टेशनातून खाली उतरलं की बाबागाडीचा प्रवास संपतो. फुटपाथवर कपडे, कपड्यांपुढे चपला, चपलांपुढे दुचाक्या, आणि उरलेल्या रस्त्यावर मोटारी. गाडी घडी करून काखेत, बाळ कडेवर, पिशवी खांद्यावर. मग बाळाला भूक लागते. पाच महिन्यांच्या बाळाला भूक ही पूर्वसूचना देऊन लागत नाही.

मॉलमध्ये गेलं तर खोली असते म्हणतात. असते. पुष्कळदा लंगोट बदलायचा ओटा बायकांच्या स्वच्छतागृहात असतो. पुरुषांच्या बाजूला तो नसतो, कारण त्या बाजूला बाळं जात नाहीत अशी वास्तुविशारदांची पक्की माहिती. खरी सोय माझ्या मते जुन्या साडीच्या दुकानात. गादीवरचे शेटजी काही न विचारता आतल्या खोलीकडे बोट दाखवतात, कामाची बाई खुर्ची पंख्याखाली सरकवते, पडदा ओढते, पाण्याचा पेला ठेवते. ना शासन निर्णय, ना फीत कापणं. फी म्हणून एक साडी घ्यावी लागते, एवढंच.

बाळाला पाजायच्या सरकारी सोयीचं नाव मात्र फार सुंदर आहे: हिरकणी कक्ष. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून हिरकणी गवळण रात्री कडा उतरून गेली, अशी कथा. महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि त्या जागी बुरूज बांधला. किल्ला राखायचा तर फट बुजवावीच लागते. आपल्या आजच्या यंत्रणेने त्या कथेतून सोयीचं तेवढंच उचललं. आईचा सत्कार करायचा आणि वाट बुजवायची. एसटीच्या गाड्यांना हिरकणीचं नाव दिलं, स्थानकांवर तिच्या नावाच्या खोल्या केल्या. एका स्थानकावर मी असा कक्ष शोधला तेव्हा कळलं की किल्ली साहेबांकडे आहे आणि साहेब दौऱ्यावर आहेत. दाराच्या काचेतून आत पाहिलं. मागच्या निवडणुकीचे फलक अगदी आरामात टेकून बसले होते. आमचा सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात, तरी तो वर्षातून मोजक्या राष्ट्रीय सणांना लोकांसाठी उघडतो. त्या कक्षाला तेवढेही सण नव्हते.

पण मनात आणलं तर काय होतं, तेही नागपूरनेच पाहिलंय. १९ डिसेंबर २०२२, हिवाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ घेऊन विधानभवनात आल्या. मतदारांचे प्रश्न मांडायचे आणि बाळही सोडवत नाही, तर त्या दोन्ही घेऊन आल्या, इतकं साधं. कॅमेरे धावले, पुढारी धावले, मुख्यमंत्र्यांनी विचारपूस केली, आणि हां हां म्हणता विधानभवनात हिरकणी कक्ष तयार! १९६० पासून अधिवेशनं भरतात, त्या इमारतीत एवढ्या वर्षांत जी जागा सापडली नव्हती, ती एका तान्ह्या बाळाने आल्याआल्या शोधून दिली. प्रशासनावर इतका दाब अडीचशे आमदारांनाही आणता येत नाही.

पुढे फेब्रुवारीत अधिवेशन मुंबईत भरलं. अहिरेबाई पुन्हा बाळाला घेऊन गेल्या आणि तिथल्या हिरकणी कक्षात त्यांना धूळ आढळली. त्यांनी ते बोलूनही दाखवलं. त्यात नवल काय? कक्षाचं उद्घाटन होतं, झाडणं होत नाही. झाडण्याचा फोटो कोण छापतो?

बाहेरच्या देशांत हे झालं नाही असं नाही. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न २०१८ मध्ये तान्ही लेक घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेल्या होत्या. पण तिथे बाळ सांभाळायला बाळाचे वडील शेजारी बसले होते, म्हणजे ती बातमी खरं तर त्यांची. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की सार्वजनिक ठिकाणी बाळाला दूध पाजण्यात लाजण्यासारखं काही नाही आणि सार्वजनिक इमारतींत त्यासाठी जागा असाव्यात. राज्यांनी ही गोष्ट गांभीर्याने घेतली असणार. आपल्याकडे गांभीर्याने घेतलेल्या गोष्टी फार जपून कपाटात ठेवतात.

वडिलांवरून आठवलं. सूनबाईच्या त्या सहलीनंतर घरातलं वातावरण तापलं, तेव्हा नवरोबांनी समेट म्हणून स्वतः बाळाला फुटाळ्यावर नेलं. पंचवीस मिनिटं. परतल्यावर सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, त्यांच्यावरून, बाळावरून नव्हे. गल्लीत तीन बायका म्हणाल्या, “किती करतो हो बायकोसाठी!” व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर बापलेकाचा फोटो, खाली अंगठे आणि हृदयं. रडल्यावर बाळ कुणाकडे परत आलं, ते फोटोत नव्हतं.

त्यानंतर सूनबाईने विषय मांडणं सोडलं आणि थेट घोषणा केली. गुरुवारी चार ते सहा. बाळ घरी. जेवणाच्या टेबलावर तिने सगळं ओळीने मांडून ठेवलं, दुधाची वाटी-चमचा, लंगोट, दुपटी, खुळखुळा. सभागृह स्तब्ध. मग विरोधी बाकावरून सासूबाई उठल्या, आत गेल्या, आणि नवी साडी नेसून बाहेर आल्या. “चाल,” म्हणाल्या, “मलेही ब्लाउजपीस घ्याचा आहे.” महाराष्ट्रात पक्षांतराचं कारण विचारायची पद्धत आता राहिलेली नाही, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

पाच वाजता दोघी बर्डीच्या एका हॉटेलात तर्री पोह्यांवर शेव घालत होत्या, तेव्हा सत्ताधारी पक्षाचा फोन आला. मागे बाळाचा आवाज, त्यामागे मामंजींचा. “अगं, लंगोट कुठी ठेवले?”

“पटलावर,” सूनबाई म्हणाली. “जेवणाच्या.”

सासूबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला, बंद करून पर्समध्ये टाकला आणि पोऱ्याला हाक मारली, “तर्री आन रे अजून. तिखटवाली.”