निवडकर

फलटणात निंबाळकर आहेत, ते इतिहासातले. निंबकर आहेत, ते शेती-संशोधनातले. निवडकर तिसरे. हे आडनाव मतदारयादीत शोधू नका, ते आमच्या आळीनं एका गड्याला बहाल केलंय.

निवडकर तिशीचा. घरचं खतांचं दुकान. शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन बघत बसणाऱ्या पिढीतला. पुण्याच्या आतेभावानं टाकून दिलेला गेमबॉय ॲडव्हान्स त्याच्याकडे आहे आणि त्यात २००४ सालचा 'फायररेड' हा पोकेमॉनचाच खेळ. खेळाची सुरुवात अशी : प्रोफेसर ओकच्या टेबलावर तीन गोळे. एकात पाठीवर कंद वागवणारा बल्बासॉर, दुसऱ्यात स्क्वर्टल नावाचं कासव, तिसऱ्यात शेपटीला जाळ असलेला चार्मँडर सरडा. एक उचलायचा आणि गावाबाहेर पडायचं. शेजारचं चौथीतलं पोरगं हे काम दूध पिता पिता उरकतं. निवडकर कित्येक उन्हाळे त्या टेबलापाशी उभा आहे.

"घाई करून चालत नाही," तो खतांच्या पोत्यावर मांडी घालून समजावतो. "बल्बासॉर म्हणजे बागायत. वाटेत आडवे येणारे पहिले दोन्ही गडी, म्हणजे जिम लीडर, लोळवतो, सुरुवात सुखाची. चार्मँडर म्हणजे निव्वळ जिरायत. पहिलाच गडी ब्रॉक, त्याची सगळी जनावरं दगडाची. दगडाला जाळाचं काय? पण ३६व्या लेव्हलला इव्हॉल्व्ह होऊन पंख फुटले की बघा. स्क्वर्टल म्हणजे नीरा उजवा कालवा. पाणी आहे, पण आपल्यापर्यंत पोचलं पाहिजे." शिवाय आपण काय उचलतो ते बघून प्रोफेसरचा नातू नेमकं त्यावर भारी पडणारं जनावर घेतो. याचं निवडकरला नवल वाटत नाही. घरी भावकी आहे.

बरं, एवढं करून त्यानं निवड केलीच नाही असंही नाही. हजारदा केली असेल. पण गोळा उघडल्यावर त्या जनावराचा स्वभाव दिसतो, आणि असे स्वभाव आहेत २५. चार्मँडर त्याला नम्र हवा. या खेळात नम्र स्वभावाचा जाळ जास्त भाजतो, हे तर आमच्या आळीतल्या कुठल्याही जावयाला पटेल. तो टेबलासमोर सेव्ह करतो, गोळा उचलतो, स्वभाव बघतो, "छे, भित्रा!" म्हणतो आणि चार बटणं एकदम दाबून मशीन पुन्हा सुरू करतो. त्या चार बटणांवरची अक्षरं केव्हाच पुसली गेलीत. बाकीची बटणं कोरी करकरीत.

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दर आषाढात फलटणला मुक्काम करून पंढरपूर गाठते. निवडकर मात्र खेळातल्या पहिल्याच गावाची, पॅलेट टाउनची, वेस ओलांडत नाही.

हॉटेलात मिसळ की वडा यावर त्याचा चहा निवतो. बारावीनंतर कुठली शाखा घ्यावी याची चौकशी त्यानं इतकी खोल केली की प्रवेश संपले, म्हणून तर दुकान. आणि स्थळांचं विचारूच नका. एक मुलगी चांगली होती, पण "पुढे कशी इव्हॉल्व्ह होईल?" असं हा मध्यस्थाला विचारून बसला.

शेवटी तरडगावहून मामा आले. मामा मेंढरंवाले. त्यांनी आधी भाच्याला लोणंदच्या बाजारात नेलं. तिथं मामांनी एका मेंढीचं तोंड उघडून दात बघितले, पाठीचा कणा चाचपला, कास हातात धरून बघितली, उपरण्याखाली बोटं दाबून सौदा केला आणि मेंढी टेम्पोत चढवली. निवडकर अजून गेटवरच होता.

"मामा, इतक्या झटक्यात? निंबकरांच्या 'नारी' संस्थेनं बघा, सुंदरबनातली गरोल मेंढी हेरली, तिचं जुळी देणारं जनुक आपल्या दख्खनीत उतरवलं, तेव्हा कुठं 'नारी सुवर्ण' ही जात झाली. वर्षं घातली त्यांनी!"

"व्हय, पर त्यांच्यात कोकरं झाली," मामा म्हणाले. "तुझ्या डब्यात काय झालं?"

रात्री मामांनी तो डबा मागून घेतला. चष्मा वर सरकवून तिन्ही जनावरं पाहिली. "ह्येचं त्वांड उघडून दाव की." उघडत नाही, म्हटल्यावर नाराज झाले. "आई जुळ्याची हाय का?" तेही कळायची सोय नव्हती. "मग बघतोस काय त्यात एवढं?" असं म्हणून त्यांनी अंगठ्यानं मधला गोळा दाबला. कासव निघालं. "ग्वाड हाय. चाऱ्याचाबी ताप नाय." खेळानं नाव विचारलं, तर 'सोनी' ठेवायला लावलं, आणि मामा हात धुवायला गेले.

परत आले तर पडद्यावर पुन्हा टेबल, पुन्हा तीन गोळे.

"आरं, सोनी कुठाय?"

"मामा, स्वभाव हट्टी निघाला."

मामांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मग? तुझ्या मामीचा काय बघून घेतला हुता का मी?"

आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. निवडकरनं मान खाली घालून चार बटणं दाबली.