हद्दीचे आण्णा

कोल्हापुरात माणसं फुटबॉल बघायला जातात ती गोल बघायला, असा आपला एक समज आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची गाठ पडली की पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. पेठाच्या पेठा लोटलेल्या असतात. त्या गर्दीत एकटे आण्णा गोलकिक बघायला आलेले असतात.

आण्णा भूमी अभिलेखातून निवृत्त झाले. जन्मभर लोकांच्या बांधांची भांडणं मोजली, त्यामुळे मैदानात त्यांना खेळाडूंच्या आधी चुना दिसतो. रेषा ज्या चौकोनाची, त्याच चौकोनात ती धरायची, असं फुटबॉलच्या कायद्यात लिहिलंय हे कळल्यावर या खेळाविषयी त्यांचं मत एकदम चांगलं झालं. चेंडू गोलरेषेवर अर्धा बाहेर लोंबकळत असला तरी तो आतच. अख्खा बाहेर गेला पाहिजे, जमिनीवरून नाहीतर हवेतून, आणि शेवटचा स्पर्श हल्ला करणाऱ्याचा पाहिजे; तर गोलकिक. डिफेंडरला लागून गेला तर कॉर्नर. शेजारचा कोणी उगाच "कॉर्नर! कॉर्नर!" ओरडला की आण्णा त्याच्याकडे, सातबारा न आणता मोजणीला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतात.

गोलीची लांब किक बसते, फॉरवर्ड एकटाच पुढे सापडतो आणि अख्खी गॅलरी "ऑफसाइड!" म्हणून उठते. हा आण्णांचा सण. "खाली बस मर्दा. गोलकिकवरनं थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतोय." तोवर फॉरवर्डनं गोल मारलेला तरी असतो नाहीतर घालवलेला तरी, आण्णांचं तिकडे लक्ष नसतं. गोलकिकवरून थेट समोर गोल झाला तर तो धरतात आणि थेट स्वतःच्याच जाळीत घातला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो, हेही ते न विचारता सांगतात. "स्वतःच्या जाळीत कोण घालंल, आण्णा?" असं एका पोरानं विचारलं. आण्णा म्हणाले, "आपला गोली बघितलास न्हवं? कायद्यात तरतूद असावी लागती."

2019 साल मात्र त्यांना जड गेलं. तोपर्यंत गोलकिक 16.5 मीटरच्या पेनल्टी एरियातून बाहेर पडल्याशिवाय खेळात येत नसे. आतच कोणी शिवला तर पुन्हा मारायची. त्या वर्षापासून चेंडू हलला की खेळ चालू, आपला गडी आतच पास घेऊ शकतो. समोरच्यांनी मात्र किक बसेपर्यंत बाहेरच थांबायचं. आण्णांनी "जीआर दाखव" म्हणत हा बदल बरेच दिवस नोंदवूनच घेतला नाही. शेवटी नातवानं मोबाइलवर इंग्लंडमधली मॅच दाखवली, कोच ग्वार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीची. आण्णा रात्री उशिरापर्यंत बघत बसले आणि सकाळी उठले ते आखूड किकचे कट्टर समर्थक होऊनच.

"दोन्ही स्टॉपर आत घ्यायचे," ते आता चहाच्या गाड्यावर समजावतात. "त्यांची माणसं रेषेबाहेर तिष्ठत ठेवायची. किक बसली की ती धावून येणार. येऊ देत! जेवढी पुढं येतील तेवढी त्यांच्या मागची जमीन पडीक. तिथं आपण पेरायचं." बोलणं बिनतोड आहे. पण ते पेरायला थंड डोक्याचा गोली आणि पायातून चेंडू न निसटणारे स्टॉपर लागतात. मला विचाराल तर शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू लांब भिरकावावा आणि टकरीतून खाली पडेल तिथं त्यावर झोंबावं. हे मी आण्णांना सांगत नाही.

परवा सामना बरोबरीत होता. आण्णा उभे राहून "आत दे, आत दे" ओरडत होते. गोलीनं ऐकलं असावं. स्टॉपरचा पाय घसरला, चेंडू हिसकावला गेला, गोल. अख्खी पेठ आण्णांकडे वळली.

"त्यांचा सात नंबर किक बसायच्या आधीच आत आलता," आण्णा शांतपणे म्हणाले. "बाहेर पडायला वेळच मिळाला नसता तर गोष्ट वेगळी. ह्यो बाहेरनं आत आलाय. किक परत मारायला पाहिजे."

"आण्णा, रेफ्रीनं शिट्टी मारली. मॅच हरलो आपण."

"हरलो कसं? फेरमोजणी मागायची."