हवेचा तुलनात्मक तक्ता

सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत दोन आवाज होतात. एक दूधवाल्याच्या किटल्यांचा, दुसरा बापूंनी टायरला मारलेल्या लाथेचा. लाथेनं टायर काही सांगत नाही, हे बापूंना पुरतं ठाऊक आहे. लाथ ही फक्त सलामी. मग ते उकिडवे बसतात, वॉलचं टोपण काढून ओठात धरतात आणि बंडीच्या खिशातलं गेज वॉलवर दाबतात. फुस्स होतं. बापू चष्मा कपाळावर नेऊन काटा वाचतात आणि दूध संघाच्या जुन्या डायरीत लिहितात, "पुढचं डावं, ३१."

बापू हे एकट्यादुकट्याचं नाव नव्हे. शिवाजी पेठेपासून राजारामपुरीपर्यंत गल्लीगल्लीत एकेक बापू सापडेल. वस्तू घ्यायची म्हटली की दुसरा माणूस दुकानात जातो, बापू चौकशीला जातात. आमच्या बापूंची ३६ वर्षं साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली. खिळा घ्यायचा असो नाहीतर बॉयलरचा पाइप, तीन कोटेशनं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, खाली 'मंजुरीसाठी सादर' लिहून कागद वर पाठवायचा. बापू निवृत्त झाले, पण ही रीत काही निवृत्त झाली नाही.

कंप्रेसरचं प्रकरण सुरू झालं दोन वर्षांपूर्वी, खंडेनवमीला. घरच्या सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून उभ्या होत्या आणि नेमकी पोराची बुलेट मागच्या चाकावर बसली. बापू ती ढकलत पंपावर गेले. तिथं पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं, 'हवा मशीन बंद आहे.' तिथून पंक्चरवाल्याकडं. हार घातलेली बुलेट ढकलत भर रस्त्यानं निघालेले बापू बघून दोघातिघांनी हात जोडले. एका म्हातारीनं तर बुलेटच्या पाया पडून घेतलं. घामानं निथळत घरी आल्यावर बापूंनी जाहीर केलं, "बास! घरात कंप्रेसर पायजे."

मागणी रास्त होती. मोटारीची चार आणि स्टेपनीचं एक, बुलेटची दोन, वहिनींच्या स्कूटीची दोन, नातवाच्या सायकलची दोन. घरात माणसं पाच आणि चाकं अकरा.

पहिलं कोटेशन उद्यमनगरात. तिथं हवेचं अप्रूप कुणाला? लेथवरचा कामगार जेवायला निघताना पँटीवरचा चुरासुद्धा कंप्रेसरच्या हवेनं उडवतो. ओळखीच्या मेस्त्रींनी मान वर न करताच सांगितलं, "टाकीचाच घ्या. २५ लिटर. हेड बिडाचं हाय का तेवढं बगा." बीड म्हटल्यावर बापूंची छाती फुगली. ज्या गावच्या फौंड्र्यांतून गाड्यांचे पार्ट देशोदेशी जातात, त्या गावच्या माणसानं पत्र्याचं खेळणं का घ्यावं? मात्र रकाना भरता भरता अडचणीही भरल्या. वीस-पंचवीस किलोचं धूड, आवाज पिठाच्या गिरणीसारखा, आणि हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाला साठते. ते खालचा नॉब सोडून काढत राहायचं, नाहीतर टाकी आतून गंजते. वहिनी म्हणाल्या, "नळाला येत नाही ते टाकीत येणार म्हणा की!"

दुसरं कोटेशन लक्ष्मीपुरीतल्या दुकानात. मोटारीच्या लायटरच्या सॉकेटात खुपसायचा १२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर. खोक्यावर ठळक अक्षरांत '१५० पीएसआय'. दुकानदार त्या आकड्यावर बोट ठेवून उभा. बापू शांतपणे म्हणाले, "माझ्या गाडीला ३३ पॉइंट लागत्यात. दीडशेचं काय करू? पोरगी बघायला जाताना अख्खी तालीम न्यायची काय?" मग त्यांनी खरा प्रश्न टाकला, "मिनिटाला लिटर किती?" दुकानदाराचं बोट खाली आलं. बापूंचं सूत्र असं : पीएसआय म्हणजे पैलवानाचं बळ आणि लिटर म्हणजे त्याचा दम. नुसतं बळ असलं तर चाक भरेल, पण भरेस्तोवर तुमचा चहा, नाश्ता आणि एक डुलकी होईल.

पुढचा हिशेब त्यांनी दुकानातच मांडला. यंत्र १० अँपिअर ओढत असेल तर १२ व्होल्टनं १२० वॉट. सॉकेटचा फ्यूज तेवढं सोसणारा हवा. इंजिन चालू ठेवायचं, नाहीतर चाक भरेल आणि बॅटरी बसेल. शिवाय हे यंत्र दहा-पंधरा मिनिटं चाललं की तापतं आणि तेवढीच विश्रांती मागतं. "दहा मिनिटं काम, पंधरा मिनिटं आराम," बापू लिहिता लिहिता म्हणाले, "आमच्या स्टोअरला कायम झालं असतं."

तिसरं कोटेशन पुण्याच्या जावयाचं. बॅटरीवरचा, हातात मावणारा. पडद्यावर ३३ लावा, ३३ ला यंत्र आपोआप थांबतं. बापूंनी तो उलटसुलट करून बघितला. "बॅटरी म्हातारी झाल्यावर काय? आणि नेमका पंक्चरच्या दिवशी चार्ज नसला तर?" जावई म्हणाला, "मामा, महिन्यातनं एकदा चार्जिंगला लावायचा." तरी बापूंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलेना. खरी हरकत त्यांनी जावई गेल्यावर मला सांगितली, "सर, सगळं त्येचं त्येच करायला लागलं तर मी काय करायचं?"

तक्त्याला चौथा रकाना मी सुचवला. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, तसा नियमच आहे, मग हा खटाटोप कशाला? बापूंनी माझ्याकडं शाळेत नापास झालेल्याकडं बघावं तसं बघितलं. "पंपापर्यंत जाताना टायर तापतोय. तापला की आतली हवा फुगतीय, काटा तीन-चार पॉइंट वर दाखवतोय. तुम्ही म्हणता हवा बरोबर हाय, सकाळी गार झाल्यावर ती कमीच असतीय. हवा मोजायची गार टायरात, घरात, पहाटे." हे मात्र खरं होतं. आणि नायट्रोजन? "साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोयच. उरलेल्या २२ साठी पैसे मोजू?"

अशी माहिती बापूंकडं पोत्यानं असते. हवेचा टायर १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या गृहस्थानं पोराच्या तीनचाकीसाठी केला आणि तो जनावरांचा डॉक्टर होता, हे कळल्यापासून बापू त्याला आपल्यातलाच मानतात. "दुधाच्या गावातच शोभला असता," असं म्हणतात.

माझ्यावर तर त्यांचे उपकारच आहेत. टायरच्या कडेला कोरलेला ५१ आकडा वाचून मी एकदा चारी चाकांत तेवढी हवा मारून घेतली होती. गंगावेशीतून दूध घेऊन निघालो, ते घरी पोचेपर्यंत निम्मं ताक झालं होतं. बापूंनी ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा स्टिकर दाखवला. "टायरवर लिवलंय ती टायरची शेवटची हद्द. गाडीला किती पायजे ते हितं लिवलंय." दहा वर्षं त्या दारातून मी उतरत होतो.

हळूहळू गल्लीला बापूंच्या तक्त्याची गोडी लागली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं तक्ता वाचून टाकीचा कंप्रेसर घेतला. बँकेतल्या मॅडमनी बॅटरीचा घेतला. दोन ट्रॅव्हल्सवाल्या भावांनी सॉकेटचा बघितला, पण बापूंनी त्यांना मोटारीच्या बॅटरीला थेट चिमटे लावायचा मोठा घ्यायला लावला. सॉकेटचा मी घेतला. प्रत्येक खरेदीला बापू जातीनं हजर, खोकं तेच उघडणार, पहिली हवा तेच मारणार. दोन वर्षांत गल्लीत चार कंप्रेसर झाले. बापूंकडं एकही नाही. गेज आणि डायरी तेवढी आहे, आणि तरीही गल्लीत सगळ्यांत नेमकी हवा त्यांच्याच चाकांत असते, कारण आम्ही यंत्र कपाटात ठेवून विसरलो आणि ते रोज पहाटे मोजत राहिले.

यंदा खंडेनवमीला मी त्यांच्याकडं गेलो. पाटावर पान्हे, हातोडी, पक्कड, मधोमध गेज, सगळ्यांना हळद-कुंकू. पाटाच्या एका कोपऱ्यात नुसतंच झेंडूचं फूल.

"हितं काय?" मी विचारलं.

"कंप्रेसर," बापू म्हणाले. "यायचा हाय."

आतून वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "दोन वर्षं झाली, सर. कोण मंजूर करायची वाट बघायलेत कुणास ठाऊक. आणा ती डायरी, मी करतो मंजूर." आणि खरंच, तुलनात्मक तक्त्याखाली, 'मंजुरीसाठी सादर' या ओळीच्या शेजारी, त्यांनी ठसठशीत सही ठोकली.

बापू त्या सहीकडं बघत राहिले. ३६ वर्षं त्यांचे कागद वर गेले होते. सही अशी डोळ्यांदेखत, कुंकवाच्या बोटानं उमटताना त्यांनी कधी बघितली नसावी. त्यांनी पान फुंकर मारून वाळवलं, चष्मा कपाळावर नेला आणि हळूच म्हणाले, "पर हे दर गेल्या वर्षाचे हाईत. मुदत संपली. नवीन कोटेशनं मागवायला लागतील."

वहिनी काही न बोलता आत गेल्या. बापूंनी डायरी मिटली आणि माझ्याकडं वळले.

"तवर सर, तुमचं मशीन जरा देता काय? बुलेटचं मागचं दोन पॉइंटनं कमी हाय."