धबधबा पाण्याखाली आहे

जबलपूरला समुद्र नाही. पण श्रावणात ही गोष्ट तिथल्या पावसाला सांगणारं कुणी नसतं.

आम्ही गेलो ते भाच्याच्या आग्रहाखातर. भाचा बॅकपॅकर आहे. आमच्या वेळी अशा मुलाला 'खिशात पैसे नाहीत' एवढंच म्हणत; आता पाठीवरची सॅक महाग असावी लागते. सॅकचं वजन कमी व्हावं म्हणून त्याने टूथब्रशचा दांडासुद्धा निम्मा कापला होता. त्याचा सिद्धांत सोपा होता : "मामा, ऑफ सीझनला जायचं. सगळं निम्म्या दरात." मुंबईहून थेट जबलपूरला जाणाऱ्या गाडीचं नावच गरीबरथ असल्याने सिद्धांताला रेल्वेचाही पाठिंबा आहे असं मी धरून चाललो.

सिद्धांत खरा ठरला. ग्वारीघाटाजवळ खोली खरोखरच स्वस्त मिळाली. मॅनेजरने 'रिव्हर व्ह्यू' म्हणून दिली होती. खिडकीतून नदी दिसत नव्हती, पण भिंतीतून येत होती. भाच्याने दोरी बांधून मोजे वाळत घातले. मोजे वाळले नाहीत, दोरी मात्र भिजली.

पावसाळ्यात जबलपूरकर एकमेकांची खुशाली विचारत नाहीत. "आज कितने गेट खुले?" असं विचारतात. गावाच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगी धरण आहे, त्याला एकवीस दरवाजे आहेत, आणि त्यांपैकी किती उघडले हा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा गावभर फिरत असतो. चहावाला सात म्हणाला, रिक्षावाला नऊ म्हणाला, मॅनेजरने अकरापर्यंत नेला. आकडा वाढला की घाटाच्या पायऱ्या कमी होतात. सकाळी ज्या पायरीवर भाच्याने फोटो काढला, ती संध्याकाळी नर्मदामैयाने परत घेतली होती.

पोहे-जिलबी खाऊन आम्ही भेडाघाटला निघालो. धुआंधार बघायचा होता. एरवी नर्मदा इथे संगमरवराच्या घळीत कोसळते आणि तुषारांचा धूर उठतो, म्हणून धुआंधार. तिथे पोचलो तर समोर सपाट, गढूळ, धावतं पाणी. धबधबा कुठेच दिसेना. "धुआंधार कुठे आहे?" असं विचारल्यावर एका मक्याच्या कणसवाल्याने बोटाने पाणी दाखवलं. "डूबा है." पुरात घळ काठोकाठ भरते, खालचं पाणी चढत चढत वरच्या पाण्याला येऊन मिळतं आणि नदीला पडायला जागाच राहत नाही. भर पावसात, पाणी फार झाल्यामुळे, धबधबा बंद! भाचा बराच वेळ त्या सपाट पाण्याकडे, तिकिटाचे पैसे परत मिळतील का अशा नजरेने बघत होता. तिकीट काढलंच नव्हतं.

संगमरवरी कड्यांमधली नावेची फेरी तर पावसाळाभर बंदच असते. पण नावाडी होते. भेडाघाटचे नावाडी यमकं जुळवत कड्यांची माहिती सांगण्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या एकाने टपरीच्या बाकावर बसूनच आम्हाला पूर्ण सहल घडवली. "इथे कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडं उडी मारून पलीकडे जात, म्हणून बंदरकूदनी," असं म्हणत त्याने बिस्किटाच्या बरण्यांकडे हात केला. राज कपूरच्या 'जिस देश में गंगा बहती है'चं चित्रीकरण इथेच झालं हेही त्याने सांगितलं. म्हणजे पडद्यावरच्या गंगेचं काम नर्मदेने केलं. नावेचं भाडं नाही, फक्त चहाचे पैसे. भाच्याने मोबाइलमधल्या हिशेबात लिहिलं : 'बोटिंग : दोन कटिंग'.

चौसष्ट योगिनींचं मंदिर टेकडीवर असल्यामुळे बुडालं नव्हतं. दहाव्या शतकातलं, कलचुरी राजांच्या काळचं, गोल आवाराचं. भाच्याने खण मोजले तर एक्याऐंशी भरले. मोजणीत काही गडबड नव्हती, तिथे खण एक्याऐंशीच आहेत. नावात कबूल केल्यापेक्षा जास्त देणारी ही त्या सहलीतली एकमेव जागा. मदनमहालाजवळ एका खडकावर जेमतेम टेकलेला दुसरा प्रचंड खडक आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपातही तो हलला नाही. भाचा त्याच्यासमोर पोझ घेताना शेवाळावरून सॅकसकट आडवा झाला.

संध्याकाळी गरम मंगोडे घेऊन घाटाजवळच्या एका आश्रमाच्या पडवीत आडोशाला उभे राहिलो, तर आतून मराठी ऐकू आलं. साताऱ्याकडचे एक निवृत्त गुरुजी नर्मदा परिक्रमेला निघाले होते. नदी उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही आणि चातुर्मासात एका जागी थांबायचं. त्यांचं सामान म्हणजे झोळी, कमंडलू, काठी आणि एक पांघरूण.

"खोलीला किती देतोस, बाळ?" त्यांनी विचारलं. भाच्याने अभिमानाने आकडा सांगितला.

"मला काही पडत नाही. दोन वेळचं जेवणही असतं."

भाच्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. "किती दिवस आहात इथे?"

"कार्तिकी एकादशीपर्यंत."

"तोवर करता काय?"

"पाऊस पडू देतो."

"म्हणजे स्लो ट्रॅव्हल!"

"असेल," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी आमच्या द्रोणातला एक मंगोडा उचलला.

परतीच्या दिवशी भेडाघाटच्या एका दुकानदाराने भाच्याला त्याच्याच शस्त्राने मारलं. "सीझन नहीं है, आधे दाम में ले जाओ." आधे दाम म्हटल्यावर भाचा थांबतोय कसला! त्याने मामीसाठी संगमरवरी खलबत्ता घेतला. टूथब्रश कापून वाचवलेले ग्रॅम त्याने किलोंनी फेडले. स्टेशनवर सॅक उचलायला हमालच करावा लागला, आणि हमालीला ऑफ सीझन नसतो.

रिक्षावाल्याने निरोप देताना मनापासून सांगितलं, "दिवाळीनंतर या. धुआंधार दिसेल, नावा चालू होतील, सगळं उघडं असेल."

"आणि खोलीचे दर?" भाचा.

"डबल."

भाच्याने क्षणभर हिशेब केला. "नको, मामा. पुढच्या पावसाळ्यातच येऊ. धबधबा राहिलाय ना बघायचा."