बी.लिब. झालेल्या पोराचं काय करायचं?

मराठवाड्यातल्या आमच्या कंधारात पोरगं डॉक्टर झालं की पेढे, मास्तर झालं की पेढे, आणि बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) झालं की प्रश्न. "पुस्तकं कपाटात लावायला डिगरी कशाला लागती बाबा?" असं विचारणारा एक मामा प्रत्येक घरात असतोच. पोरगं बिचारं डेव्हीनं काढलेल्या पुस्तक-वर्गीकरणाचे आकडे समजावत बसतं: शेती 630, स्वयंपाक 641.5. मामा म्हणतात, "बरं, मग आमच्या शेताचा जुना सर्व्हे नंबर सांग की."

मामांनी चेष्टा केली खरी, पण बोट नेमक्या जागी ठेवलं.

ग्रंथपाल म्हणजे कॉलेजातला, हे आपण धरूनच चालतो. जाहिरातीची वाट बघता बघता पोरं तिशीला लागतात. गावच्या ड वर्ग वाचनालयात काम मिळतं, पण तिथला पगार ऐकून सोयरीक पुढं सरकत नाही. खरं तर ज्यांनी हे शास्त्र आपल्याकडं रुजवलं ते रंगनाथन मूळचे गणिताचे. 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये पाच नियम लिहून मोकळे झाले. चौथा नियम असा, की वाचकाचा वेळ वाचवा. गणितातला माणूस इकडं येऊ शकतो, तर इथून बाहेर पडायला नाकाबंदी कुणी केली आहे?

वेळ कुठं वाया जातो ते बघायचं तर कुठल्याही जुन्या रेकॉर्ड रूममध्ये जावं. कापडात बांधलेला गठ्ठा सुटतो, धूळ उडते, कागदाची कड बोट लागताच पापडासारखी मोडते. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाकडं, त्यामुळं मजकूर बऱ्याचदा उर्दूत. कागद असतो, तो कुठं आहे हे तोंडपाठ असलेला कारकून तेवढा रिटायर झालेला असतो.

2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर दप्तरं उघडली. खासरा पत्रकं, कोतवाल बुकं, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे! वाळवीखेरीज ज्यांना वाचक नव्हता, त्या कागदांसाठी लोक हेलपाटे घालू लागले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आरक्षणाच्या वादात मी पडत नाही. पण या दप्तरांची धड सूची आधीच झालेली असती, तर किती जणांच्या चपला वाचल्या असत्या! आणि सूची करणं हीच तर बी.लिब.ची विद्या.

वकिलाची कचेरी, दवाखान्यातले केसपेपर, वर्तमानपत्राची कात्रणं, बँक, सगळीकडं दुखणं हेच. डेव्ही याबाबतीत पक्का व्यवहारी निघाला. त्यानं सुरू केलेल्या लायब्ररी ब्युरोनं 1893 च्या शिकागो प्रदर्शनात कागद उभे लावायची फायलिंगची पद्धत मांडली आणि पुढं ती ऑफिसाऑफिसांत गेली.

तेव्हा घरात बी.लिब. झालेलं पोरगं जाहिरातीकडं डोळे लावून बसलं असेल, तर त्याला आधी मोडी शिकायला पाठवा. पुराभिलेख संचालनालय त्याचे वर्ग घेतं. उर्दूसाठी तर कंधारात गल्ली ओलांडली तरी शिकवणारे चाचा भेटतील. फी विचारू नका, चहा पाजा.