दीड इंच माया

बारावीचा निकाल लागला की घरात दोन याद्या तयार होतात. पहिली कॉलेजांची. तिच्यात काय लिहायचं ते मार्क ठरवतात. दुसरी कपड्यांची. तिच्यात काय लिहायचं ते आत्या, मावश्या आणि शेजारच्या काकू ठरवतात. यंदा माझा भाचा बार्शीहून पुण्याला बी.एस्सी.ला आला, तेव्हा दुसऱ्या यादीसाठी ताईने चार हजार रुपये मंजूर केले आणि तज्ज्ञ सल्लागार म्हणून माझी नेमणूक केली. माझी पात्रता एवढीच, की 1994 साली मी याच एसटी स्टँडवरून याच कामासाठी पुण्याला आलो होतो आणि कपड्यांच्या बाबतीत करता येण्याजोगी प्रत्येक चूक पहिल्या सहामाहीतच उरकली होती. त्या भांडवलावर ही मार्गदर्शिका. यात विद्यार्थ्याला ‘उमेदवार’ आणि पैसे देणाऱ्याला ‘पालक’ म्हटलं आहे. मत देणाऱ्यांना काहीही म्हटलेलं नाही.

उमेदवाराने सर्वप्रथम बाजारात जाऊ नये. आईच्या कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा उघडावा. तिथे आहेरात आलेले शर्टपीस-पॅन्टपीस असतात: खोक्याला पारदर्शक खिडकी, आत टाचण्या, झाकणावर कुणाचं तरी नाव. नाव खोडलेलं असेल तर तो पीस पुढच्या लग्नासाठी राखीव आहे, त्याला हात लावू नये. आमच्या घरचा एक राखाडी पॅन्टपीस तीन लग्नं फिरून पुन्हा आमच्याच दारात आला. ताईने त्याला लांबूनच ओळखलं. ‘आता शिवूनच टाकू,’ ती म्हणाली, ‘म्हणजे याचं फिरणं तरी थांबेल.’

पीस हाती आला की तो उलगडून उजेडात धरावा. वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून राहिलेलं कापड त्या रेघेवर पिवळं पडतं आणि विरतं. मग पन्हा मोजावा. 58 इंच पन्ह्याचं कापड असेल तर सव्वा मीटरमध्ये पॅन्ट बसते. शर्टाला 36 पन्ह्याचं सव्वादोन मीटर लागतं. उमेदवार सहा फुटी असेल तर मास्तर आधी कापडाकडे बघतात, मग उमेदवाराकडे, मग पालकांकडे. यातलं तिसरं बघणं महागात पडतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. शिवून घेणं आता स्वस्त राहिलेलं नाही. शर्टाच्या नुसत्या शिलाईत रस्त्यावरचा तयार शर्ट येतो आणि वर चहा होतो. म्हणून शर्ट तयारच घ्यावेत. पॅन्ट मात्र एक तरी शिवावी. का, ते बाहेरून दिसत नाही.

आमच्या मास्तरांचं दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल आणि भिंतीवर उलटी टांगलेली अर्धवट कोटांची रांग. त्यांनी भाच्याच्या कमरेभोवती टेप फिरवला, ‘अठ्ठावीस’ म्हणाले आणि मापाच्या वहीत लिहिता लिहिता विचारलं, ‘माया किती ठेवायची?’

भाच्याला वाटलं, मास्तर घरचं काहीतरी विचारतायत. तो आईकडे बघायला लागला.

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. पॅन्टीत ती मुख्यतः मागच्या मधल्या शिवणीत असते. माणूस सुटला की तिथले टाके उसवून पॅन्ट सैल करतात. ‘दीड इंच ठेवा,’ ताई म्हणाली, ‘पण मेसचं खाऊन हा वाळणारच आहे.’ मास्तर म्हणाले, ‘वाळला तर आत घेऊ. सुटला तर सोडू.’ आणि वहीत मापाखाली लिहिलं: माया दीड.

तयार कपड्यात ही सोय नसते. कारखान्यात हजार पॅन्टींत अर्धा-अर्धा इंच वाचवला की त्यातून आणखी पॅन्टी निघतात, त्यामुळे काठ ओव्हरलॉक करून शिवणीच्या जवळच कापलेला असतो. म्हणून या मार्गदर्शिकेचा मुख्य नियम, आणि बाकी सगळं विसरलं तरी चालेल: कपडा घेण्याआधी उलटा करावा. सुलट बाजू विकणाऱ्यासाठी असते. उलट्या बाजूला लोंबणारे दोरे दिसतात, काजाच्या पिंजलेल्या कडा दिसतात, एकाच टाक्यावर लटकलेलं बटण दिसतं. खिशाचं अस्तर चिमटीत धरून चोळून बघावं. तयार पॅन्टीत सगळ्यात आधी तेच जातं, आणि ते गेल्याचं खोलीच्या दारात उभं राहिल्यावर कळतं, जेव्हा किल्ली मांडीवरून घसरत बुटात पोचलेली असते. दुकानदार विचारेल, ‘काय शोधताय?’ काही शोधत नाही म्हणावं आणि दुसरा पाय उलटा करावा.

रंग जातो का ते ओला रुमाल आतून घासून बघावं. कापड सुती आहे की नाही हे ओळखायचा खात्रीचा उपाय म्हणजे सुटा दोरा जाळणं: सुताचा कागदासारखा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टरची वितळून काळी गोळी होते. उपाय खात्रीचा असला तरी दुकानात काडी ओढू नये.

आता जीन्स. या विषयावर मी अधिकाराने बोलू शकतो.

कॉलेजं सुरू होतात ती पावसाळ्यात, म्हणजे उमेदवाराचं पुण्यातलं आगमन आणि कपडे न वाळणं या गोष्टी एकाच मुहूर्तावर घडतात. 1994 च्या जुलैत माझ्याकडे एकच जीन्स होती, ताडपत्रीच्या जवळपास जाणारी. सोमवारी धुतली आणि खोलीतल्या दोरीवर टाकली. मंगळवारी गुडघे वाळले. बुधवारी पोटऱ्या. गुरुवारी दोन्ही पाय खडखडीत, पण कमरपट्टा आणि खिसे जसेच्या तसे ओले, कारण तिथे कापडाचे तीन-चार पदर एकावर एक असतात. शुक्रवारी प्रॅक्टिकल होतं म्हणून तशीच घातली. लॅबमधल्या स्टुलावर माझ्या बसण्याचा ओला ठसा उमटला. आणि कुबट वास असा, की शेजारचा पार्टनर बीकर घेऊन उगाच खिडकीपाशी उभा राहिला. पुढे कळलं ते असं: जीन्स उलटी करावी, खिसे बाहेर ओढावेत आणि पट्ट्याच्या लूपांना धरून कमरेकडून पंख्याखाली टांगावी. म्हणजे चार दिवसांचं काम दोन दिवसांत होतं. भाच्याच्या यादीत मी एकच जीन्स ठेवली आणि दुसरी पातळ सुती पॅन्ट घातली. त्याने निषेध नोंदवला. निषेधाची नोंद घेण्यात आली.

जीन्सच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट 1873 साली अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना मिळालं. राबणाऱ्या माणसाचा खिसा फाटू नये एवढाच त्यामागचा हेतू. आता फाटकी जीन्स धडक्या जीन्सपेक्षा महाग मिळते. उमेदवाराला ती घ्यायचीच असेल तर आईला आधी कल्पना द्यावी. आमच्या ओळखीतल्या एका मुलाची जीन्स पहिल्या सुट्टीतच दोन्ही गुडघ्यांवर रफू होऊन परत आली. आईने रंगाचा दोरासुद्धा जुळवून आणला होता.

संख्येचा प्रश्न फार ताणू नये. पॅन्टी तीन, शर्ट दोन, टीशर्ट चार, आतले आठ. आठवड्याचे दिवस सात असताना आठ का, असं भाच्याने विचारलं. एक जादा असावा. ज्यांचं नाव 2014 पासून पुणे विद्यापीठाला आहे, त्या सावित्रीबाई भिडेवाड्यातल्या शाळेत शिकवायला निघत तेव्हा लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकत. त्या एक जादा लुगडं बरोबर नेत आणि शाळेत पोचून बदलत, असं सांगतात. ही गोष्ट त्याला ठाऊक होती, चौथीपासून. पण पिशवीत एक शर्ट जादा ठेवायचा तिच्याशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं, म्हणाला. आताचा चिखल बसच्या चाकाखालून येतो आणि कोण कुठल्या शाळेत चाललंय हे न विचारता सगळ्यांवर सारखाच उडतो.

पुण्यात खरेदी कुठे करावी? पालक बरोबर असतील तर लक्ष्मी रोडला पर्याय नाही. ते परत गेले की एफ. सी. रोडवरच्या गल्ल्या किंवा कॅम्पातली फॅशन स्ट्रीट. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून लोखंडी पेटी आणावी. कपड्यांचं ज्याने त्याने ठरवावं. गल्लीतल्या स्टॉलवर घालून बघायची खोली नसते, म्हणून तिथे गळ्याचं शास्त्र चालतं: पॅन्टीचं बटण लावायचं आणि कमरपट्टा सपाट धरून मानेभोवती गुंडाळायचा. दोन्ही टोकं मागे बरोबर मिळाली तर कमरेला होते. त्या संध्याकाळी मी, भाचा आणि दोन अनोळखी पोरं गळ्यात पॅन्टी अडकवून एका ओळीत उभे होतो आणि एकमेकांना ‘मागे मिळतंय का?’ असं विचारत होतो. शास्त्र बरोबर निघालं.

भावाबद्दल जुना उपदेश असा, की सांगतील त्याच्या निम्म्याने सुरुवात करावी आणि नाही म्हटल्यावर सात पावलं चालावं, आठव्याला हाक येते. मी सात चाललो. मग सव्वीस चाललो. कोणी हाक मारली नाही आणि तिथेच परत जाऊन टीशर्ट मागायची लाज वाटली. पुढच्या स्टॉलपाशी मात्र एक नवं ज्ञान झालं. आता प्रत्येक स्टॉलवर क्यूआर कोडशेजारी एक बोलका डबा असतो. पैसे आले की तो रक्कम मोठ्याने सांगतो, गल्लीभर. स्टॉलवाला आम्हाला टीशर्ट ‘साडेतीनशे, फायनल’ सांगत होता. आम्ही साइज शोधतोय असं दाखवत दहा मिनिटं तिथेच रेंगाळलो. आमच्या आधीच्या मुलीने तसाच एक उचलला, मोबाइल समोर धरला आणि डबा म्हणाला, ‘दोनशे रुपये प्राप्त झाले.’ स्टॉलवाल्याने डब्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘किती घेणार?’ चार घेतले.

एकूण हिशोब: शिलाई 550, दोन तयार पॅन्टी 1,100, टीशर्ट 800, शर्ट 700, आतले 500. उरलेल्या 350 रुपयांत रेनकोट बसला नाही, छत्री बसली. चपला-बूट घरचेच.

हा मसुदा वाचून धाकट्या भाचीने हरकत घेतली. दोन वर्षांनी तीही पुण्याला येणार आहे. ‘यात सगळीकडे खिसे आहेत,’ ती म्हणाली, ‘मला एकही नाही.’ खरंच आहे. कुर्तीला खिसा नसतो, आणि मुलींच्या जीन्सला असतो त्यात मोबाइल अर्धाच जातो. उपाय एकच: कुर्ता शिवायला टाकताना बाजूच्या शिवणीत खिसा मागावा. ‘लेडीजला खिसा?’ असा प्रश्न येईल. हो म्हणावं आणि कुठपर्यंत खोल, ते हात ठेवून दाखवावं.

सायन्सच्या उमेदवारासाठी एक सूचना. सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब सुती कपड्यावर पडला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. कपडा धुतला की तेवढ्या जागी कापड विरून भोक पडतं. पहिल्या वर्षी मी हे कॉलेजातल्या उंदरांवर ढकललं होतं. ॲप्रन सुतीच घ्यावा, लांब घ्यावा आणि बटणं लावून घालावा. उघडा सोडून व्हरांड्यात फिरण्यासाठी तो नसतो, जरी त्याचा मुख्य उपयोग तोच होत असला तरी.

थंडीची तरतूद. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्री पारा दहाच्याही खाली जातो आणि चाळिशीपारच्या उन्हात वाढलेल्या बार्शीच्या पोराला ते सहन होत नाही. भाच्याने हुडीची मागणी केली: छातीवर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं नाव असलेली, जी एफ. सी. रोडवर निम्मी पोरं घालतात. अंगावर एका विद्यापीठाचं नाव आणि खिशात दुसऱ्याचं ओळखपत्र ठेवून फिरणं योग्य नाही, असं कारण देऊन मागणी फेटाळली आणि सोलापुरी चादर दिली. चादर पांघरता येते, अंथरता येते, खिडकीला लावता येते आणि रात्री अभ्यासाला बसताना खांद्यावर घेता येते. हुडीला यातलं शेवटचं एकच जमतं.

दिवाळीला तो बार्शीला आला, ऑक्टोबरच्या उकाड्यात, तीच हुडी घालून. मेसच्या पैशांतून वाचवले, म्हणाला. मेसचे पैसे वाचले असतील, पण जेवण वाचलं नव्हतं. राखाडी पॅन्टीचं बटण आता काजापर्यंत पोचत नव्हतं. ताईने त्याला तसाच मास्तरांकडे पाठवला. मीही गेलो.

मास्तरांनी पॅन्ट उलटी केली, मागच्या शिवणीत ब्लेडचं टोक घातलं आणि एकेक टाका उसवत खाली आले. दुमडलेलं कापड उघडलं तेव्हा आतली पट्टी बाकीच्या पॅन्टीपेक्षा गडद निघाली. बाहेरचा राखाडी चार महिन्यांत धुऊन धुऊन उडाला होता, आतला खोक्यातून काढल्यासारखा होता. नवी शिवण घालून त्यांनी वर ओलं फडकं टाकलं आणि इस्त्री दाबली. वाफ निघाली.

‘पट्टी दिसेल का?’ भाच्याने विचारलं.

‘दिसेल. शर्ट बाहेर सोड.’

मग त्यांनी मापाची वही काढली, पान शोधलं, ‘माया दीड’वर काट मारली आणि शेजारी लिहिलं: पाऊण.