भरिताचे नाना

नाना वांगी विकत घेतात असं म्हणणं बरोबर नाही. ते वांगी मंजूर करतात. सारी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनीत गेली, त्यामुळे समोर आलेली कुठलीही वस्तू ते आधी त्रुटी काढण्यासाठीच हातात घेतात. नोव्हेंबर लागला की जळगावच्या भाजीबाजारात त्यांच्यापुढे हिरव्यागार, पांढुरक्या रेघांच्या, पोटाला फुगलेल्या त्रुटींचे ढीग लागलेले असतात. एक वांगं उचलायचं, देठाशी बघायचं, अंगठ्याने पोट दाबायचं, मग तळहातावर झेलून वजन घ्यायचं. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर बी कमी. जड लागलं तर नाना ते जागेवर ठेवतात आणि विकणाऱ्या मावशींकडे असं बघतात की जणू त्यांनीच रात्री जागून आत बिया भरल्यात.

"कुठलं?"

"बामणोदचं, नाना."

शेजारच्या पाटीवर विचारा, बामणोद. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर विचारा, तेही बामणोद. यावल तालुक्यातलं एक गाव अख्ख्या जिल्ह्याला आणि वर पुण्या-मुंबईतल्या जळगावकरांना वांगी पुरवतं, हा हिशेब नानांना पटत नाही. मधूनच कोणी भालोद म्हणतं, कोणी असोदा. असोद्याचं नाव निघालं की नाना जरा मऊ होतात, कारण ते बहिणाबाईंचं माहेर. पण माहेर बघून वांगं पास करत नाहीत. एकदा एक मावशी वैतागून म्हणाल्या, "नाना, गाव खरं सांगू की भाव खरा सांगू? दोन्ही नाही जमणार." हा किस्सा नाना स्वतःच सगळ्यांना सांगतात. फक्त त्यांच्या तोंडी मावशी गप्प बसतात आणि शेवटचं वाक्य नानांचं असतं.

2016 साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. केळीलाही मिळालं, पण केळीचं नानांना फारसं कौतुक नाही. केळी काय, सोलली की झाली. वांग्याच्या बातमीचं कात्रण मात्र त्यांनी लॅमिनेट करून पाकिटात ठेवलंय. कोणी पाहुणा "भरीत काय, आमच्याकडेही करतात" असं बोलून गेला की ते बाहेर येतं. जांभळं वांगं गॅसवर भाजून त्यात दही कालवतात, त्या पदार्थाला नाना कोशिंबीर म्हणतात. पाहुणा जावई असेल तर "वेगळी कोशिंबीर" म्हणतात.

नानांची ही जात एकट्या जळगावची नाही. सोलापूरकडे ती हुरड्याच्या आगटीभोवती सापडते, कोल्हापुरात तांबड्या रश्श्याच्या पातेल्याजवळ. कुठे नाना, कुठे आबा, कुठे अप्पा. लक्षण एकच: स्वतः चूल पेटवायची नाही आणि दुसऱ्याने पेटवलेल्या चुलीपासून हलायचं नाही.

नानांच्या घरी खंडोबाचा कुळाचार. म्हणजे चातुर्मासात वांगं बंद, ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावरच सुटायचं. अडचण अशी की चंपाषष्ठी मार्गशीर्षात येते आणि जळगावला भरिताचे वास दिवाळीचा फराळ संपण्याआधीच यायला लागतात. गल्लीत कोणाकडे वांगी भाजली जात असली की नाना पायात चप्पल सरकवतात. "मी खात नाही हो अजून. नुसतं बघतो." मग नुसतं बघून मिठाचं कसं कळणार, म्हणून बोटावर थोडं. बोटावरचं गरम असतं, चव नीट लागत नाही, म्हणून वाटीत थोडं. चव घेणं म्हणजे खाणं नव्हे, हा निर्णय त्यांनी खंडोबाच्या वतीने स्वतःच घेतलेला आहे.

पण नाना खरे खुलतात ते शेतावरच्या भरीत पार्टीत. केळीच्या बागेच्या कडेला बोचरी थंडी, मध्ये कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ, आणि जाळाची बरोब्बर ऊब लागेल इतक्या अंतरावर नानांची खाट. तिथून हुकूम सुटतात. काड्या कपाशीच्याच हव्यात. भसकन पेटतात, झरकन विझतात, साल करपते आणि गर धुरात शिजतो. लाकडं घातली तर वांग्याचा कोळसा. "फिरव! फिरव भो, एकाच कुशीवर किती झोपवशील त्याला?" वांगी काळीठिक्कर पडून देठाशी पाणी सोडायला लागली की पोरं ती बाहेर ओढतात, आणि इथे सगळ्यात मोठा नियम लागू होतो: सोलताना पाण्याचा थेंब लावायचा नाही. पोरांची बोटं भाजतात, ती फुंकर मारतात, कानाची पाळी धरतात. एखादा हळूच तांब्याकडे सरकतो. "अं हं! पाण्याने धुतलं की धूर गेला. मग घरी कुकरलाच लावायचं होतं, एवढ्या लांब कशाला आणलं?" नानांची स्वतःची बोटं या वेळी शालीत असतात.

सोललेला गर लाकडी बडगीत ठेचायचा. एका वर्षी एका उत्साही पोराने घरून मिक्सर आणला होता, विहिरीच्या मोटारीच्या कनेक्शनवर लावायला. त्या पोराचं नाव नाना आजतागायत घेत नाहीत. तो पुढे शिकला, डॉक्टर झाला, त्याने नानांच्याच मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं. नाना डोळ्यावरची पट्टी काढून घरी आले आणि म्हणाले, "मिक्सरवाल्याचा हात चांगला आहे हो."

मग फोडणी. तेल सढळ, त्यात शेंगदाणे, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची, वरून कांद्याची पात, कोथिंबीर. लाल तिखट नाही, टोमॅटो तर नाहीच नाही. डॉक्टरांनी (मिक्सरवाल्या नव्हे, दुसऱ्या) तेल बंद सांगितलंय, तरी "कडेने तेल सुटलं पाहिजे" ही घोषणा नानांचीच. ताटात कळण्याची भाकरी पडते, ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, खरपूस. पहिला घास नानांचा. सगळे थांबतात. नाना डोळे मिटून चावतात. तोंडातून एक आखूड "हं" येतो, मग एक लांब "हंऽऽ". मग निकाल. तो दर वर्षी एकच असतो: "चांगलं झालंय. पण..."

पणच्या पुढे नानांची आई असते. आईच्या हातचं भरीत, आईची बडगी, आईने नुसत्या वासावरून वांग्यातली कीड ओळखणं. एका पार्टीत नानांच्या सौ., म्हणजे काकू, शेजारीच भाकरी थापत होत्या. त्यांनी परातीतून मानही वर केली नाही. म्हणाल्या, "तुमच्या आई भरीत खायच्याच नाहीत. त्यांना वांग्याने खाज सुटायची." खाटेवर थोडा वेळ शांतता होती. मग नाना म्हणाले, "म्हणूनच! खात नव्हती, म्हणून तर तटस्थपणे करायची."

बाहेर खायला गेल्यावर तर नाना जास्तच कर्तव्यदक्ष होतात. हायवेवरच्या एका ढाब्यावर वेटरने विचारलं, "शेवभाजी मीडियम की तिखट?" नानांनी मेनूकार्ड मिटलं. जळगावात हा प्रश्न विचारायची वेळ आली, याचंच त्यांना वाईट वाटलं. भाजी आली, आणि पहिल्याच घासाला परत गेली. रस्सा उकळताना शेव घातली होती, तिचा लगदा झाला होता. शेव जाड हवी, तिखट हवी आणि ताटात वाढताना पडायला हवी, हे त्यांनी वेटरला सांगितलं, मग शेजारच्या टेबलाला सांगितलं. शेवटी मालक स्वतः आले. त्यांनी एका वाटीत लालभडक तर्रीचा रस्सा ठेवला, दुसऱ्या वाटीत शेव. "घ्या नाना. तुमच्या हाताने घाला, तुम्हाला पाहिजे तेव्हा."

नानांवर अशी वेळ पहिल्यांदाच आली असावी. त्यांनी शेव रश्श्यात सोडली आणि ती किती वेळात खावी, हे आम्हाला समजावायला घेतलं. कुरकुरीतपणा मोडला पाहिजे पण कणा मोडता कामा नये, पूर्वी बसस्टँडजवळ एक जण होता तो कसा चिमटीने शेव टाकायचा, तेव्हा भाजी कितीला मिळायची... बोलणं संपलं तेव्हा वाटीत मघाचाच लगदा होता. नानांनी घास घेतला, डोळ्यांतून पाणी आलं, टॉवेलने कपाळ टिपलं. "याला," ते म्हणाले, "मुरलेली म्हणतात." निघताना पित्ताची गोळी घेतली आणि मालकाला दोन सूचना केल्या.

खरं सांगायचं तर नानांचा वैताग येतो. त्यांच्यासोबत जेवायला बसलं की घास तोंडात जायच्या आधी त्यावर शेरा पडतो. पण हल्ली वांगं बाजारात बारा महिने असतं, फ्रीजमध्ये मटार वर्षभर, आमरस डब्यात. कोणती गोष्ट कधी खायची नाही, हे सांगणारं गल्लीत नानांखेरीज कोणी उरलेलं नाही. पोरं त्यांना हसतात आणि वांगी घ्यायला निघाली की हळूच त्यांनाच फोन करतात.

मुलगा पुण्याला. त्याला हंगामात भरीत जातं, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, स्टीलच्या डब्याला जुनं धोतर गुंडाळून. नाना ड्रायव्हरला इंजिनापासून लांब ठेवायला बजावतात आणि पहाटेपासून मुलाला फोन करतात. सून गुणी आहे. डबा उघडण्याआधीच "बाबा, एकदम मस्त झालंय" म्हणून मोकळी होते.

उन्हाळ्यात नानांचं काम हलकं. पारा पंचेचाळिसाकडे निघालेला असतो, बायका गच्चीवर बिबडे आणि कुरडया घालतात, नाना काठी घेऊन राखणीला बसतात. कावळे फार नेत नाहीत. संध्याकाळी कुरडयांच्या ओळी मोजल्यावर जी तूट येते, तिच्याबद्दल काकू काही बोलत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे आणि आमरस झाला की नाना पुन्हा नोव्हेंबरची वाट बघायला लागतात.

अशातच यंदा मे महिन्यात रिंग रोडवर एक पाटी लागली: 'बारा महिने भरीत-पुरी मिळेल.' नाना ती वाचून रिक्षातून उतरले. मी सोबत होतो आणि भांडणाची तयारी ठेवून होतो. काउंटरमागे एक विशीतला पोरगा घाम पुसत पुऱ्या लाटत होता.

"वांगं कुठलं?" नानांनी विचारलं.

"माहीत नाही काका. मालक मार्केटमधून आणतात."

"काड्यांवर भाजलंय?"

"नाही, गॅसवर. इथे काड्या कुठे पेटवू?"

"आणि ठेचलं कशात?"

"मिक्सरमध्ये."

नानांनी माझ्याकडे बघितलं. काढायला त्रुटीच उरली नव्हती; सगळ्या कबूल झाल्या होत्या. ते बाकावर बसले, एक प्लेट मागवली, मग अजून दोन पुऱ्या. डोळे मिटले नाहीत, हं म्हणाले नाहीत, निमूट खाल्लं. पैसे देताना पोराने विचारलं, "काका, कसं होतं?"

"चांगलं झालंय," नाना म्हणाले. "पण..."

"मीठ कमी पडलं का?"

"मीठ बरोबर आहे रे. पण कोणी विचारलं तर बामणोदचं म्हणत जा. नाहीतर गिऱ्हाईक टिकणार नाही तुझं."